जपानी पेटीची झील

देवराव रामटेकेच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता पंचफुला गायची, आणि पंचफुलाला जाऊन तीन वर्षं झाली होती. इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत आता कुणाला त्याचं नवल वाटत नसे. साडेसहाला देवराव दार लोटून घेई, पेटीचा खटका दाबी आणि तिच्यासमोर मांडी घालून बसून राही, कारण पेटी तापल्याशिवाय तिचा सूर जागेवर येत नसे. सातला आवाज सुरू होई आणि सव्वासातला थांबे. शेजारच्या शोभाताई त्या आवाजावर कुकर उतरवत. गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईने त्यांना विचारलं, "देवरावजींच्या घरी कोण वं गाते?" शोभाताई म्हणाल्या, "त्याईची बायको." मग त्या बाईचा चेहरा पाहून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

देवराव रेल्वेत सिग्नलच्या तारा जोडणारा माणूस. ड्यूटी सुटली की एका ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवायला जायचा. ऑर्केस्ट्राचे मालक गिरिधरजी हौशी होते. त्यांनी मुंबईच्या कुणा वादकाकडून एक जपानी सिंथेसायझर आणला. सुटकेसएवढा काळा डबा, पुढे हार्मोनियमसारख्या पट्ट्या आणि वर बावीस गोल बटणं. बटणं फिरवली की आवाज बदले, कधी बासरी, कधी भोंगा, कधी मांजर. पण एका वेळी सूर एकच. दोन पट्ट्या दाबा की दहा, डब्याला गळा एकच होता. अठ्ठ्याहत्तर साली ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा गिरिधरजींनी सगळ्यांना सांगितलं, ज्याला जे हवं ते घेऊन जा. ड्रम गेले, गिटार गेल्या, माइकसुद्धा गेला. एका वेळी एकच सूर काढणारा हा डबा कुणाला नको होता. देवरावने त्याच्या तारा इतक्यांदा जोडल्या होत्या की त्याला माया लागली होती. त्याने तो सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला.

पंचफुला दारातच उभी होती. "सवत आणली काय?"

"सवत नाही वं, पेटी हाय. जपानी."

तिने डब्याभोवती एक चक्कर मारली. "हिचा भाता कुठं हाय? श्वास कुठून घेते हे?"

"विजेवर चालते."

"श्वास न घेता गाते म्हणजे भूतच म्हणा ना," पंचफुला म्हणाली आणि तिने त्या भुताला बसायला पलंगावर जागा करून दिली.

पंचफुला 'नवप्रकाश गायन पार्टी'ची पुढची गाणारी होती. एप्रिल लागला की बाबासाहेबांच्या जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत पार्टीला उसंत नसे. आज या वस्तीत, उद्या त्या गावात. तिला गाणं शिकवलं होतं थोरल्या बहिणीने, अंजनाबाईने, पण अंजनाबाई लग्न होऊन कळमेश्वरला गेली आणि पुढची जागा पंचफुलाकडे आली. पुढच्याने ओळ टाकली की मागच्यांनी तिचं शेपूट उचलून धरायचं, तेवढ्यात पुढच्याला श्वास घ्यायला सवड मिळते. याला झील ओढणं म्हणतात, आणि चांगला झीलकरी मिळायला नशीब लागतं. पंचफुलाच्या नशिबात तीन झीलकरी होते. एक कायम उशिरा येई, दुसऱ्याला ताल नव्हता आणि तिसऱ्याला शुद्ध नसे.

"तुह्या या जपानणीलेच झील शिकवते," पंचफुला म्हणाली. "हिले पान नाही, बिडी नाही, वेळेवर येईन."

मग महिनाभर ती बटणांशी बसली. देवरावला बटणांची इंग्रजी नावं पाठ होती आणि त्याचा काही उपयोग नव्हता. पंचफुलाला नावं वाचता येत नव्हती, तिने स्वतःची ठेवली. बावीसपैकी चारच बटणं तिला कामाची वाटली. आवाज जाड की बारीक, उजळ की मळका हे ठरवणारं बटण म्हणजे 'घसा'. सूर जागच्या जागी किती हलतो ते 'थरथर'. एका सुरावरून दुसऱ्यावर किती घसरत जायचं ती 'घसरगुंडी'. आणि पट्टी सोडल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो तो 'दम'. प्रत्येक बटणावर एक पांढरी रेघ होती. रेघ हवी तिथे आली, आवाज तिच्या मनासारखा निघाला, की पंचफुला म्हणे, "बस, इथंच," आणि कपाळावरची टिकली काढून रेघेच्या टोकाशी डब्यावर चिकटवी. चार बटणांना चार लाल टिकल्या. डब्यावरचं कापड काढता-घालता बटणं हलत, पण टिकल्यांमुळे पुन्हा जागा सापडे.

पार्टीची एक ओळ फार गाजली होती. 'उजेड आला वस्तीमधी, आता दिवा कशाला लावू.' शेवटच्या 'लावू'वर पंचफुलाचा आवाज उंच चढे आणि मागे बसलेल्या देवरावची पेटी तो तिथून उचलून घेई. दोघींचे आवाज इतके जुळले होते की कुठे एकीने सोडलं आणि दुसरीने धरलं हे पुढच्या रांगेतल्यालाही कळत नसे. पुढे पंचफुलाला दमा झाला. मग शेवटची दोन वर्षं ती त्या उंच सुरावर नुसतं तोंड उघडी, हात वर करी, आणि देवराव पेटीतून सूर काढी. लोक म्हणत, काय दम आहे पंचफुलाबाईचा. हे गुपित नवरा-बायकोंनी कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन दोघं त्यावर पोट धरून हसत, आणि हसता हसता तिला खोकला येई.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत ती गेली. तिचा आवाज कुणी टेप केला नव्हता. जिवंत माणूस समोर गात असताना टेप करण्याची बुद्धी कुणाला होते? मुलगी भागीरथा भिलाईला संसारात होती, पार्टीने दुसरी गाणारी शोधली, आणि देवरावला नोकरीतून निवृत्ती मिळाली. त्याच्याकडे पंचफुलाचं काही उरलं असेल तर त्या चार टिकल्या आणि त्यांच्यातून निघणारा तो आवाज.

नागपूरचा मे महिना रस्त्यावरचं डांबर पातळ करतो, तिथे टिकलीच्या गोंदाची काय कथा. पंचफुला होती तेव्हा गळालेली टिकली ती त्याच जागी पुन्हा बसवी. ती गेल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात चारही टिकल्या गळून पट्ट्यांवर पडल्या आणि कापड काढताना बटणं हलली. देवरावने डोळे मिटले आणि एकेक बटण हळूहळू फिरवत राहिला. एका ठिकाणी पंचफुला बोलली. तिथे त्याने टिकली पुन्हा चिकटवली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुन्हा चारही गळाल्या, पंच्याऐंशीतही. दर वेळी त्याने डोळे मिटून तिला शोधून काढलं. आपल्या कानाचा त्याला अभिमान वाटे. बावीस वर्षांच्या संसाराला साक्षीदार लागत नाही, असं तो स्वतःशी म्हणे.

शहाऐंशीच्या जानेवारीत पेटी आजारी पडली. सूर मध्येच फाटे, नाहीसा होई, दहा मिनिटांनी परत येई. देवरावने ती सीताबर्डीला मारोतरावांकडे नेली. रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी डबा उघडला, दिवसभर ठेवून घेतला आणि संध्याकाळी मान हलवली.

"आतला एक बारीक तुकडा मरून राहिला, देवरावजी. असा तुकडा आता जपानातही बनत नाही म्हणतात. हा उन्हाळा काढला तं काढला."

देवराव घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही. पंचफुला एकदा गेली तेव्हा सगळी वस्ती रडायला आली होती. दुसऱ्यांदा जाईल तेव्हा कुणाला कळणारही नाही, हे त्याला फार लागलं.

कळलं ते जयाला. जया मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, पण लहानपणी पार्टीत पंचफुलाच्या मागे उभी राहून टाळ्या धरायची. ती अधूनमधून देवरावकडे येई. तिच्या शाळेला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर मिळाले होते आणि तीन आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन तीच त्यांची पुजारीण झाली होती.

"काकाजी, टेप काहून नाही करून ठेवत?" तिने विचारलं.

"टेपमध्ये ती एकच ओळ म्हणत राहीन. मी नवी चाल वाजवली तं तिनं नवी म्हटली पाह्यजे ना. नाही तं फोटो काय वाईट हाय?"

जया म्हणाली, "कॉम्प्युटरमधून आवाज काढता येते. त्याले आवाज माहीत नसते, फक्त आकडे माहीत असते. किती थरथर, किती घसरगुंडी, किती दम. चौदा आकडे लिहायचे. मग तुमी पट्टी दाबा, तो त्या आकड्यानं गाईन. आकड्याले गंज लागत नाही, काकाजी."

देवरावला त्यातलं अर्धंच कळलं, पण शेवटचं वाक्य कळलं. मार्चच्या पहिल्या रविवारी त्याने पेटी पंचफुलाच्या साडीत गुंडाळली आणि सायकलरिक्षात मांडीवर घेऊन शाळेत गेला.

मास्तरणींच्या खोलीत पंखा होता आणि कॉम्प्युटरच्या खोलीत एसी. बाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. एवढा मान शाळेत मुख्याध्यापिकेलाही नव्हता. पेटीला मात्र ती थंडी मानवली नाही. उन्हातून आलेली ती एसीत शिरताच रुसली, सूर वर चढून बसला, आणि तो खाली यायला तास लागला. कॉम्प्युटरने खटका दाबताच टुक् केलं आणि तो तयार होऊन बसला.

"पहा," जया म्हणाली. "याचं रुसणं नाही, फुगणं नाही."

"रुसत नाही त्याचा काय भरवसा," देवराव म्हणाला. "ते जीव लावत नाही."

चार रविवार दोघं बसली. देवराव पेटीवर 'लावू' वाजवी, जया हातात घड्याळ घेऊन मोजी. आवाज चढायला किती वेळ, एका सेकंदात हेलकावे किती, विझायला किती. मोजून आकडा लिही, ऐके, खोडे, दुसरा लिही. पेटीचा आवाज दर रविवारी थोडा वेगळा निघे. बाहेर ऊन किती, लाइटचा जोर किती, पेटी किती तापली, सगळ्याचा हिशेब तिच्या गळ्यात उमटे. कॉम्प्युटरचं तसं नव्हतं. मागच्या रविवारी दिलेले आकडे या रविवारी तोच आवाज देत, केसाचाही फरक नाही. पुढच्या साली दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तोच येईल, असं जया म्हणाली. देवरावला ते ऐकून धीरही आला आणि अंगावर काटाही आला.

थरथर जुळली. घसरगुंडी जुळली. चौथ्या रविवारी दम जुळला. घसा मात्र काही केल्या जुळेना. कॉम्प्युटरचा घसा एकच, जन्माचा, तुपाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून गावं तसा. त्यासाठी आकडाच नव्हता. जयाने सगळं एका साध्या कॅसेटवर साठवलं आणि वर निळ्या शाईने नाव लिहिलं, 'पंचफुला'.

"तुमाले कसं वाटते, काकाजी? हाय का काकूसारखं?"

"मले आता काही समजत नाही," देवराव खरं ते बोलला. "कधी वाटते हाय, कधी वाटते तुपाचा डबा हाय."

"मग अंजनामावशीले बोलावते. काकूचा गळा त्याईनंच घडवला. त्या सांगतीन."

देवरावच्या कपाळाला आठी पडली. अंजनाबाई त्याची अकडसासू, बायकोची थोरली बहीण, आणि तोंडाने तिखट. पहिल्या स्मृतिदिनाला आली तेव्हा म्हणाली होती, हा डबा कुणाले देऊन टाका अन् माणसात या. तेव्हापासून देवरावने तिला निरोप धाडला नव्हता. पण आता गरज होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं करत त्याने मान डोलावली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी अंजनाबाई एसटीने आली. वय पासष्ट, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जयाच्या खांद्यावर हात. दाराशी चपला काढायला सांगितल्यावर म्हणाली, "इथं बुद्धवंदना घ्यायची हाय काय?" आत येऊन थंडीने शहारली, पदर घट्ट ओढून घेतला आणि देवरावच्या दिशेने हात जोडले. "जय भीम, भाऊजी. वाळले तुमी."

"जय भीम, बाई."

जयाने तिला यंत्रांकडे पाठ करून बसवलं. "मावशी, दोन आवाज ऐकवते. पंचफुलाकाकू कोणत्या आवाजात हाय ते सांगा. बस."

देवरावने पेटी एक तास आधीच तापवली होती. त्याने 'उजेड आला वस्तीमधी' पहिल्यापासून वाजवलं आणि 'लावू' वर नेऊन सोडलं. आवाज थरथरत, घासत, रेंगाळत गेला. अंजनाबाईने मान खाली घातली आणि काही बोलली नाही. मग जयाच्या खुणेवर देवराव उठला, कॉम्प्युटरपाशी बसला आणि त्याच्या टाइपरायटरसारख्या बटणांवर तीच ओळ वाजवली. घसा डब्याचा, पण बाकी सगळं तसंच.

अंजनाबाईने मान वर केली. "हे दुसरं पुन्हा वाजवा."

देवरावने पुन्हा वाजवलं.

"दोनीही पंचफुला नाही," अंजनाबाई म्हणाली.

"बाई, नीट ऐकलं काय तुमी?" देवराव चिडला. "मशीनची गोष्ट सोडा. पहिली तिनं स्वतः बसवली हाय, स्वतःच्या हातानं."

"मोतीबिंदू डोयात हाय, भाऊजी, कानात नाही. पहिल्यात घसा तिचाच हाय. घसा ऐकला अन् माह्यं काळीज हाललं, म्हणून म्या चुप राहिली. पण या दुसऱ्यात घसा नाही ना. तं मागचं सगळं साफ ऐकू आलं. हे थरथरणं, हे घासत घासत जाणं, हे शेवट सोडता सोडत नाही. माही पंचफुला अशी कधी गायली? ती ओळ फेकत होती. अंगणात सड्याचं पाणी फेकतात ना, तशी. 'लावू' म्हटलं अन् झालं, दुसऱ्याले घ्यायचं तं घ्या, नाही तं राहू द्या."

आणि तिने ती ओळ म्हटली. आवाज जुना झाला होता, मध्येच तुटला, पण 'लावू' तिने असं टाकलं की जयाने न कळत टाळी धरली.

"तिचं गाणं हसत होतं," अंजनाबाई म्हणाली. "या दोनी डब्यात जे गाते ना, ते माणूस रडून राहिलं हाय. भाऊजी, हे तुमी आहा."

जया खाली पाहत म्हणाली, "काकाजी, थरथर मोजली तेव्हा मलेही वाटलं होतं, काकूची एवढी नव्हती. पण मी लहान होती तेव्हा. म्हटलं, माहीच आठवण चुकली असन."

"अन् झील कशावर ओढून राहिले तुमी?" अंजनाबाईचा आवाज आता मऊ झाला होता. "झील ओढाले पुढं कोणी गाणारं लागते. पुढं कोण हाय?"

देवरावने पेटी साडीत गुंडाळली, चपला घातल्या आणि अकडसासूला निरोपाचा शब्दही न बोलता बाहेर पडला. रिक्षात त्याच्या मांडीवर पेटी होती आणि दुपारचं ऊन पायांवर येत होतं. तीन वर्षं रोज सात वाजता आपण बायकोजवळ बसतो असं त्याला वाटत होतं. त्या खोलीत तो सगळा वेळ एकटाच होता. हे कळल्यावर त्याला पहिल्या दिवसापेक्षाही एकटं वाटलं, कारण पहिल्या दिवशी निदान ही पेटी होती.

साडेसहा झाले. सवयीने तो पेटीसमोर बसला, पण खटका दाबला नाही. त्याला टिकल्यांचा राग आला. थरथरीच्या बटणापाशी असलेली टिकली त्याने नखाने उचकटून काढली, फेकायला हात उचलला, आणि थांबला. टिकलीखाली गोंदाचा गोल डाग होता. त्याच्या शेजारी दुसरा. त्याच्या शेजारी तिसरा, आणि थोडं अलीकडे चौथा, पिवळा पडून गेलेला, धुळीने कडा काळ्या झालेला.

त्याने चष्मा लावला आणि टॉर्च आणली. दर उन्हाळ्याचा एक डाग. सगळ्यात जुना पंचफुलाच्या हातचा, पुढचे तीन त्याच्या हातचे. घसरगुंडीच्या बटणापाशीही तसेच चार डाग, दमापाशीही, एका रांगेत, एकाच दिशेने सरकत गेलेले. पहिल्या साली थोडी जास्त थरथर, दुसऱ्या साली थोडं जास्त घासणं, दर साली जरा जास्त लांब दम. घशापाशी मात्र चारही डाग एकमेकांवरच होते. घसा त्याला तेवढा आठवला होता. डोळे मिटून आपण तिला शोधतो असं त्याला वाटे, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात त्याला स्वतःकडेच घेऊन आला होता. बावीस वर्षांच्या संसाराच्या साक्षीदाराने तीनदा खोटी साक्ष दिली होती.

देवरावने एकेक बटण मागे नेलं आणि पांढरी रेघ पिवळ्या डागाशी आणली. मग खटका दाबून अर्धा तास बसला. सात वाजून गेले. साडेसातला त्याने ओळ वाजवली.

'लावू' वर गेलं, हललं न हललं तोच आपल्या जागी पोचलं आणि तुटलं. आखूड, ठसकेबाज, तोंडावर पाणी मारल्यासारखं. देवरावचे डोळे भरून आले. ती तिथे होती. कमरेला पदर खोचून, मान वाकडी करून, "अन् काय?" म्हणत असल्यासारखी.

आणि लगेच खोली शांत झाली. इतकी लगेच, की देवरावला कळलं आपण दम का वाढवत नेला होता. ती झटकन गाई, झटकन थांबे, आणि ती थांबली की हे घर उरे. त्या शांततेला तो भ्यायला होता. आवाज जेवढा रेंगाळे तेवढं हे घर पुढे ढकलता येई. त्याने पुन्हा वाजवलं, पुन्हा शांतता आली, आणि या वेळी तो तिच्यात बसून राहिला.

भिंतीपलीकडून शोभाताई ओरडल्या, "देवरावजी, आज कोणी पाहुणी आली काय?"

"हो," देवराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. मधली सुट्टी होती. जया त्याला पाहून धावत आली आणि त्याने सगळं सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. "मग आपण नवे आकडे काढू, काकाजी! खरे आकडे. पेटी चालू हाय तोवर."

"घसा तं तुह्याजवळ नाहीच," देवराव म्हणाला. "अन् जे आकडे काढीन ते ऐकून मीच काढीन ना. चार महिन्यांनी मले वाटीन, थोडी थरथर कमी पडली. मग तुले म्हणीन, जया, एक आकडा वाढव. माह्या हातावर माहा भरवसा नाही राहिला, पोरी."

"मग ही कॅसेट?"

देवरावने कॅसेट हातात घेतली. खिशातलं पेन काढून 'पंचफुला' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि खाली सावकाश लिहिलं, 'देवराव रामटेके'. अक्षर सिग्नलच्या नोंदवहीत लिहायचा तसं, सुटं सुटं.

"हे ठेवून दे. हे माह्यं हाय. बरोब्बर निघालं हाय." मग जाता जाता म्हणाला, "बाईले सांगजो, त्याईचं खरं होतं. अन् जमलं तं संध्याकाळी सातला येत जाय. ऐकून घे चालू हाय तोवर."

जया येत गेली. कधी शोभाताईही येऊन दाराशी बसत. देवरावने आणखी एक केलं. झील ओढायला पुढे गाणारं लागतं हे अंजनाबाईचं बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं, म्हणून तो ओळ स्वतः म्हणू लागला. त्याचा आवाज म्हणजे रेल्वेचं फाटक. पहिल्या दिवशी जयाने हसू दाबलं आणि शोभाताईंनी दाबलं नाही. पण तो 'लावू'पर्यंत कसाबसा पोचे, तिथे थांबे, आणि पेटीतून पंचफुला त्याचा सूर उचलून घेई. ऐन संसारात ती पुढे आणि तो मागे असे. आता तो पुढे होता.

मेच्या नऊ तारखेला, डांबर पातळ करणारं ऊन होतं, पेटी तापली आणि मुकी झाली. देवरावने दहा मिनिटं वाट पाहिली, मग आणखी दहा. मारोतरावांनी सांगितलेलं होतंच. त्याने खटका बंद केला, साडी पांघरली आणि कडा नीट दुमडल्या. त्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो झाकलेल्या पेटीसमोर बसला आणि त्याने ओळ म्हटली. 'लावू'वर येऊन सवयीने झिलेसाठी थांबला. खोली शांत होती. मग झीलही त्यानेच ओढली, आखूड.